कोपऱ्यातला फॅलेनॉप्सिस आणि साडेतीनशे लक्स

मावशीकडच्या फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडला तीन वर्षांत एकदाही फूल आलं नव्हतं. झाड घरात आलं तेव्हा त्याला दोन फुलदांडे होते. पांढऱ्या फुलांनी लगडलेले. ती फुलं अडीच महिने टिकली आणि त्यानंतर नुसती पानं. मला बोलावलं तेव्हा मावशी म्हणाली, "पानं बघ कशी हिरवीगार आहेत. कीड नाही, रोग नाही. मग हे फूल का धरत नाही?"

उत्तर तिच्या पहिल्याच वाक्यात होतं. फॅलेनॉप्सिसचं पान काचेच्या बाटलीसारखं गडद हिरवं दिसत असेल, तर झाड उजेडाला मोताद झालंय असं समजावं. पुरेसा उजेड मिळणारं पान पोपटीकडे झुकतं, कोवळ्या गवताच्या रंगाचं होतं. उजेड कमी पडला की झाड पानातलं हरितद्रव्य वाढवतं, मिळेल तेवढा उजेड धरून ठेवायला. त्यामुळे अंधारातलं झाड आपल्या डोळ्याला जास्त टवटवीत दिसतं. ऑर्किड पाळणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात, म्हणून हे एक प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

झाड काय सांगत होतं

झाडाला सहा पानं होती. खालची दोन रोपवाटिकेत वाढलेली: साधारण 18 सेंटीमीटर लांब, 8 रुंद, जाड आणि ताठ. वरची चार मावशीच्या घरात आलेली. त्यातलं सगळ्यात मोठं 27 सेंटीमीटर लांब होतं आणि रुंदीला जेमतेम 6. कुंडीच्या कडेवरून जीभ काढल्यासारखं लोंबत होतं. दोन्ही जागांचा उजेड एकाच झाडावर लिहिलेला होता, खालून वर वाचायचा. शिवाय तीन वर्षांत चारच पानं. धडधाकट फॅलेनॉप्सिस वर्षाला दोन-तीन पानं सहज काढतो.

मग कुंडी काढून मुळं पाहिली. मधली बरीच मुळं तपकिरी आणि पोकळ झाली होती. चिमटीत धरून ओढलं की वरचं स्पंजासारखं आवरण सुटायचं आणि आतली दोऱ्यासारखी शीर तेवढी हातात राहायची. मावशीला आधी दोघा-तिघांनी सांगितलं होतं की पाणी जास्त होतंय. तिने पाणी कमी केलं, तर पानं सुरकुतली. पुन्हा वाढवलं, तर मुळं कुजली. बिचारी दोन वर्षं या दोन टोकांमध्ये हेलकावे खात होती.

मी तिला एक साधी गोष्ट करायला सांगितली. पाणी घातल्यावर कुंडीत मातीऐवजी भरलेल्या सालीच्या तुकड्यांत एक लाकडी काडी खोचून ठेवायची आणि ती कोरडी निघायला किती दिवस लागतात ते लिहायचं. बारा दिवस लागले. सालीत लावलेला फॅलेनॉप्सिस चांगल्या जागी आठवड्याभरात कोरडा व्हायला हवा. अंधारात झाड अन्न बनवत नाही, वाढत नाही, म्हणून पाणी ओढत नाही. कुंडीही गार राहते, तिथली हवा हलत नाही. मावशी घालत होती ते आठवड्याचं पाणी मुळात जास्त नव्हतंच. उजेड कमी असल्यामुळे तेवढंच पाणी त्या झाडाला जास्त होत होतं. ऑर्किडचं पाणी उजेडाच्या मापानं ठरतं, आणि हे कुंडीवरच्या चिठ्ठीत कुठेच लिहिलेलं नसतं.

खताचंही तसंच. 'फुलांसाठी' म्हणून मिळणारं, स्फुरद जास्त असलेलं खत ती घालत होती. सालीवर क्षाराचा पांढरा थर बसला होता. खत म्हणजे बांधकामाचं सामान. ते रचायची ताकद उजेडातून येते. कामगारच नसतील तर विटांचा ढीग वाढवून भिंत उभी राहत नाही.

एक शक्यता मात्र नीट तपासावी लागली, ती तापमानाची. फॅलेनॉप्सिस 28 अंशांच्या वरच्या सततच्या उष्णतेत पानंच वाढवत राहतो. दांडा निघायला काही आठवडे त्याहून गार हवा लागते, आणि रात्री 18 ते 20 अंशांवर आल्या तर उत्तम. मावशीच्या घरात थंडीचे दोन महिने रात्री 19 अंशांच्या आसपास असायच्या. म्हणजे फुलण्याचा इशारा झाडाला दर वर्षी मिळत होता. त्या इशाऱ्याला उत्तर देण्याइतकी शिदोरी गाठीशी नव्हती.

मोजल्यावर काय निघालं

कुंडी बैठकीच्या खोलीत होती, खिडकीपासून अडीच मीटरवर, कोपऱ्यातल्या तिवईवर. "इथे दिवसभर दिवा लावावा लागत नाही," मावशी म्हणाली. ते खरंच होतं. पेपर वाचता येत होता.

फोनमधलं लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं साधं ॲप उघडलं, फोन पानाच्या उंचीवर धरला, स्क्रीनची बाजू खिडकीकडे. सकाळी अकराला आकडा आला 350. मावशीला तो मोठा वाटला. मग आम्ही बाहेर गेलो. इमारतीच्या सावलीत, मोकळ्या आभाळाखाली, 11,000. भर दुपारच्या उघड्या उन्हात आकडा लाखाच्या घरात जातो.

आपला डोळा इथे फार दगा देतो. अंधारात बाहुली मोठी होते, दृष्टिपटल जास्त संवेदनशील होतं, आणि तीसपट कमी उजेडही 'थोडा कमी' असा भासतो. वाचायला 300 ते 500 लक्स पुरतात म्हणून घरं, कार्यालयं तेवढीच उजळलेली असतात. फॅलेनॉप्सिसला दिवसातले बरेच तास 10,000 ते 15,000 लक्स हवे असतात. आणि हा ऑर्किडांतला कमी उजेडावर भागवणारा गडी आहे. कॅटलियाला 20,000 ते 30,000 लागतात, व्हँडाला त्याहूनही जास्त.

एका क्षणाचा आकडा मात्र अर्धीच गोष्ट सांगतो. झाड दिवसभरात किती उजेड गोळा करतं, त्यावर सगळं ठरतं. म्हणून एका स्वच्छ दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला, मावशीने आकडे लिहिले. शाळेच्या वहीत, रेघा मारून. कोपऱ्यातली सरासरी निघाली 250 लक्स. नैसर्गिक उजेडाचे लक्स 54 ने भागले की झाडाच्या उपयोगाच्या उजेडाचा अंदाज मिळतो, सेकंदाला चौरस मीटरमागे किती मायक्रोमोल हा (मोल हे प्रकाशकण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). तो अकरा तासांच्या सेकंदांनी गुणला तर दिवसाची बेरीज आली 0.18 मोल. फॅलेनॉप्सिसला चांगलं फुलायला दिवसाला साधारण 4 ते 8 मोल लागतात. म्हणजे किमान गरजेच्या विसाव्या भागावर हे झाड तीन वर्षं तग धरून होतं. तो हिशेब वहीत पाहिल्यावर मावशी बराच वेळ काही बोलली नाही. उठून तिने पानांवरून ओला कपडा फिरवला.

फोनचा आकडा तंतोतंत नसतो. माझ्या आणि तिच्या फोनमध्ये जवळपास पाव भागाचा फरक येत होता. पण विसाव्या भागाचा प्रश्न असेल तिथे पाव भागानं काही बिघडत नाही. आणि फोन नसेल तर हात आहेच. पानाच्या वर साधारण 30 सेंटीमीटरवर तळहात धरायचा. सावलीच पडली नाही तर जागा अंधारी. मऊ, कडा विरलेली सावली पडली तर फॅलेनॉप्सिसला ठीक. बोटं मोजता येतील इतकी काळी, रेखीव सावली पडली तर त्याच्यासाठी जास्त. कोपऱ्यातल्या तिवईवर मावशीच्या हाताची सावली पडतच नव्हती.

घाई, आणि तिची किंमत

यानंतरची चूक माझी आहे आणि ती मी टाळू शकले असते.

आकडे पाहून मला झाडाची दया आली आणि त्याच दिवशी कुंडी पश्चिमेच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. सकाळभर तिथे 3,000 ते 4,000 लक्स होते. मला वाटलं, दुपारनंतर थोडं ऊन येईल, चांगलंच आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीचा फोन आला. "अगं, पानावर काहीतरी पांढरं पडलंय."

वरून दुसऱ्या पानावर, जिथे पान सगळ्यात आडवं होतं तिथे, नाण्याएवढा डाग होता. पहिल्या दिवशी तो फिकट पिवळा आणि हाताला सांबराच्या चामड्यासारखा मऊ लागत होता. दोन दिवसांत पांढरट झाला, आठवड्यात वाळून कागदासारखा पातळ झाला, भोवती तपकिरी कडा. मी चार वाजता जाऊन पानाला हात लावला, तर ते चक्क गरम होतं. शेजारच्या भिंतीपेक्षा गरम.

फॅलेनॉप्सिस इतक्या लवकर का भाजतो, याचं कारण त्याच्या श्वासात आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात, त्यातून पाण्याची वाफ निघते आणि पान गार राहतं, घामानं अंग गार व्हावं तसं. फॅलेनॉप्सिस झाडांच्या बुंध्यांवर वाढतो, तिथे पाणी साठवायला माती नाही. म्हणून तो पाणी जपतो. दिवसा रंध्रं मिटून घेतो, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतो, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उजेड आला की ते वापरतो. पाण्याची बचत होते, पण भर उन्हात गार व्हायची सोय राहत नाही. त्यात बंद काचेमागे वारा नाही. पान हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि शिजतं. आपण ज्याला उन्हानं करपणं म्हणतो, ते इथे मुख्यतः उष्णतेनं भाजणं आहे.

त्यातून हे पान अंधारात घडलेलं. मिळेल तो कण टिपायला सजलेल्या पानावर अचानक शंभरपट उजेड पडला तर त्याला तो वापरताही येत नाही आणि झटकून टाकताही येत नाही. रोपवाटिकेतली खालची दोन जुनी पानं त्याच कट्ट्यावर, त्याच उन्हात सहीसलामत राहिली. ती वरच्या पानांच्या सावलीत होती हे खरं, पण उघड्या पडलेल्या टोकांनाही काही झालं नाही.

मावशीला भीती वाटली की ही कूज आहे आणि आता सगळीकडे पसरेल. कूज आणि भाजणं यातला फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे डागाच्या कडेनं मार्करनं रेघ मारायची. जिवाणूंची कूज पाणथळ असते, दाबली की पाणी सुटतं, बऱ्याचदा वास येतो, आणि एका-दोन दिवसांत रेघ ओलांडते. भाजलेला डाग कोरडा होतो आणि रेघेच्या आतच राहतो. आठ दिवसांनी डाग रेघेच्या आतच होता. पान कापलं नाही. डाग सोडून बाकीचा हिरवा भाग अजून कामाचा होता, आणि सहाच पानं असलेल्या झाडाकडून एक पान काढून घेणं परवडणारं नव्हतं.

दुसऱ्यांदा, टप्प्याटप्प्यानं

यावेळी आधी जागा मोजल्या, मग कुंडी हलवली. पूर्वेची खिडकी निवडली. सकाळचं ऊन कोवळं असतं, हवा अजून गार असते, त्यामुळे त्याच लक्सला पान कमी तापतं. पश्चिमेचं ऊन दिवसभर तापलेल्या हवेवर येऊन पडतं. आकडा सारखा असला तरी पानाला दोन्ही सारखी नसतात.

पहिले दहा दिवस कुंडी पूर्वेच्या खिडकीपासून 60 सेंटीमीटर आत होती, जिथे थेट ऊन पोचत नव्हतं. आकडा 2,500 च्या आसपास. थोड्याशा अंतरानं एवढा फरक पडतो हे मावशीला पटायला वेळ लागला. खिडकीपासून मागे सरकलं की आभाळाचा जो तुकडा झाडाला दिसतो तो झपाट्यानं लहान होत जातो. पानाच्या उंचीवर डोळे नेऊन बाहेर बघावं. आभाळ दिसलंच नाही आणि नुसती समोरची भिंत दिसली, तर झाडही भिंतच खातंय.

पुढचे दहा दिवस 30 सेंटीमीटरवर. मग कट्ट्यावर, पण काचेला पातळ पांढरा पडदा. उघड्या काचेतून सकाळी साडेआठला 42,000 लक्स येत होते, पडद्यातून 12,000 ते 14,000. दर टप्प्याला दुपारी पानाला हात लावून बघायचं, हा नियम घालून घेतला. कोमट चालेल, गरम लागलं की एक टप्पा मागे.

तिथली दिवसाची बेरीज अशी झाली: सकाळचे तीन तास पडद्यातून सरासरी 12,000, उरलेले आठ तास 2,500. दोन्ही मिळून 3.7 मोल. चारच्या आसपास, पण खालीच. ढगाळ दिवसांत ते निम्म्यावर यायचं. म्हणून एक साधा पांढरा एलईडी दिवा लावला, पानांपासून 30 सेंटीमीटरवर, जिथे आकडा 5,000 येत होता. एलईडीचे लक्स भागताना 54 ऐवजी 70 च्या आसपास धरावेत, कारण त्याच्या प्रकाशाची रंगवार घडण सूर्यापेक्षा वेगळी असते. संध्याकाळी पाच तास दिवा म्हणजे सव्वा मोलची भर. एकूण पाच.

मावशीने विचारलं, "मग रात्रभरच ठेवू का चालू?" नको. रात्री रंध्रं उघडून हवा आत घ्यायची असते, ते काम अंधारात होतं. दिवा रात्री नऊला बंद.

पान, मग दांडा

इथून पुढे धीर धरायचा होता. ऑर्किडचा काळ पानांत मोजावा. जुनं पान नव्या उजेडात वाढलेल्या पानासारखं होत नाही. लोंबलेलं पान लोंबलेलंच राहतं, त्याचा आकार बदलत नाही. त्यामुळे जागा बरोबर आहे की नाही हे पुढचं पूर्ण वाढलेलं पान सांगेल, आणि त्याला महिने लागतील. दर पंधरा दिवसांनी कुंडी इकडून तिकडे करणाऱ्यांना झाडाकडून उत्तर कधी मिळतच नाही, कारण विचारलेला प्रश्न पुरा व्हायच्या आत ते दुसरा विचारतात.

पहिला फरक मुळांत दिसला. दुसऱ्या महिन्यात कुंडीच्या पारदर्शक भिंतीला चिकटून हिरव्या टोकाची नवी मुळं उतरली. फॅलेनॉप्सिसची मुळंही उजेडात अन्न बनवतात, म्हणून पारदर्शक कुंडी झाकून ठेवू नये. काडी आता सात दिवसांत कोरडी निघू लागली. पाणी तेवढंच, आठवड्यातून एकदा, आणि आता ते झाडाला बेतात बसत होतं.

नवं पान पाचव्या महिन्यात पूर्ण झालं. 17 सेंटीमीटर लांब, 8 रुंद, ताठ. रंग पोपटी, आणि कडेला अगदी पुसट लालसर झाक. ही लाल झाक म्हणजे झाड उजेडाच्या वरच्या मर्यादेजवळ आहे. घाबरायचं कारण नाही, पण आणखी वाढवू नये. मात्र काही जातींची पानं मुळातच खालून जांभळी असतात, शिलेरियानासारखी. तिथे हा रंग उजेडाबद्दल काही सांगत नाही. मावशीच्या पांढऱ्या संकराचं पान खालून हिरवंच होतं, म्हणून ती झाक वाचता आली.

नवव्या महिन्यात, रात्री 19 अंशांवर येऊन पाचेक आठवडे झाले होते तेव्हा, तिने फोटो पाठवला. वरून तिसऱ्या पानाच्या बगलेतून काहीतरी निघालं होतं. मूळ की दांडा? मुळाचं टोक गोल, चकचकीत आणि एकसंध असतं. दांड्याचं टोक किंचित चपटं आणि टोकदार, आणि त्यावर एकावर एक घड्या, हातमोज्यात अंगठा वेगळा दिसावा तशी खाच. फोटोत खाच होती. तरी मी तिला आठ दिवस थांब म्हटलं. आठ दिवसांत ते टोक खिडकीकडे वर वळलं. मूळ असतं तर खाली किंवा आडवं गेलं असतं.

त्या दिवसापासून कुंडी फिरवायची नाही असं ठरलं. दांडा उजेडाकडे झुकत वाढतो. मध्येच कुंडी फिरवली तर तो पुन्हा वळतो आणि पुढे फुलं वेड्यावाकड्या दिशांना तोंड करतात. कळ्या धरल्यावर जागा बदलायचीही नाही, कारण उजेड एकदम घटला तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. मावशीने कट्ट्यावर कुंडीच्या तळाभोवती खडूनं गोल काढला, म्हणजे पुसताना उचलली तरी परत तशीच ठेवता येईल.

पहिली कळी उघडायला आणखी तीन महिने लागले. एकूण सात फुलं. भाजलेल्या डागाचं पान तेव्हाही झाडावर होतं, मार्करच्या रेघेसकट.

त्यानंतर तिला कॅटलिया हवासा झाला. आम्ही वही उघडली. पूर्वेच्या कट्ट्यावर पडदा काढला तरी तीन तासच खरं ऊन, बाकी दिवस 2,500. घरात दुसरी जागा पश्चिमेची, तिथे उष्णता. मी नको म्हटलं आणि तिला ते पटलं.

एक काम मात्र उरलं होतं. सूर्य वर्षभर एकाच वाटेनं जात नाही. पूर्वेच्या खिडकीतलंही ऊन ऋतूप्रमाणे सरकतं, कधी कट्ट्याच्या डाव्या अर्ध्यावर तर कधी उजव्या. ज्या जागी आज सौम्य ऊन आहे तिथे चार महिन्यांनी ते थेट येतं किंवा मुळीच येत नाही. म्हणून सकाळी साडेआठला उन्हाची कड कट्ट्यावर जिथे येते तिथे महिन्यातून एकदा पेन्सिलीनं खूण करायची, शेजारी तारीख. आता तिथे अकरा खुणा आहेत. परवा मावशीचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ऊन मागच्या वर्षीच्या तिसऱ्या खुणेवर आलं गं. पडदा ओढलाय."